सातव्या मजल्यापर्यंतचे ठोके

लिफ्ट बंद पडली की लोक आधी बटणाला दोष देतात. चार वेळा दाबतात, मग जोरात दाबतात, मग शेजारच्याला दाबायला लावतात. चौतीस वर्षं मी हे बघत आलोय. बटण बिचारं क्वचितच बिघडतं. बहुतेक वेळा कुठेतरी माणसाने घोळ घातलेला असतो, आणि या वेळी तो माणूस मी होतो.

आता हे सहज लिहितोय. तेव्हा तीन महिने मूग गिळून बसलो होतो.

इमारत सात मजल्यांची, जुनी. लिफ्टचं यंत्र एरवी गच्चीवर असतं, इथे ते तळघरात आहे. मोटर, दोरांचं मोठं चाक आणि भिंतीला लागून एक लोखंडी कपाट. कपाटात ताटाएवढं हिरवं कार्ड. कोणी कुठल्या मजल्यावरून बोलावलं, कधी निघायचं, वेग कधी कमी करायचा, कुठे थांबायचं, हे सगळं ते कार्ड ठरवतं. ज्या कंपनीने ते बनवलं ती वीस वर्षांपूर्वीच बुडाली. तिच्या आधी पाच वर्षं आणि तिच्यामागेही ही लिफ्ट मीच सांभाळली, आणि जरा जास्तच जीव लावून सांभाळली, कारण सातव्या मजल्यावर माझी थोरली बहीण राहते.

ताईने चाळीस वर्षं टायपिंग शिकवलं. आता ती त्र्याहत्तरची आहे. फुप्फुसं अशी की अर्धा जिना चढली की भिंत धरून उभी राहते, आणि उतरायचं म्हटलं तर गुडघे ऐकत नाहीत. यजमान गेले, मुलगा दूरच्या शहरात. तरी रोज सकाळी दहाला ती लिफ्टने खाली यायची, वाचनालयात जाऊन सगळी वर्तमानपत्रं चाळायची, तिथल्या दोन बायकांशी राजकारणावरून भांडायची आणि बाराच्या आत वर जायची. लिफ्ट बंद पडली आणि हे सगळं सात मजले खाली राहिलं.

त्या दिवशी मी काय केलं ते सांगतो. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो त्या मास्तरांनी मला दोन गोष्टी घोटून घेतल्या होत्या. एक, आधी मेन स्विच बंद, मगच कार्डाला हात. दोन, जुन्या कार्डावरची छोटी बॅटरी पाझरायच्या आत बदल, नाहीतर ती तांब्याच्या रेघा खाऊन टाकते. या दोन सवयींवर माझं नाव झालं. त्या सकाळी कार्ड साफ करताना बॅटरीच्या टोकाला पांढरी पूड दिसली. या कार्डाची बॅटरी बदलायची वेळ पहिल्यांदाच आली होती. मी मेन बंद केला, खरंच बंद झालाय ना ते दिव्याने तपासलं, बॅटरी काढली, पूड पुसली, नवी बॅटरी बसवली आणि मेन सुरू केला. लिफ्ट जागची हलली नाही. जुनी बॅटरी परत लावून पाहिली. काही उपयोग झाला नाही.

वर येऊन मी सगळ्यांना सांगितलं की कार्ड जळलं, जुनं झालं होतं. कोणी शंका घेतली नाही. ताईने तर मलाच धीर दिला.

पुढे काय काय झालं ते थोडक्यात सांगतो. एकदा डॉक्टरकडे न्यायला चार माणसांनी ताईला खुर्चीवर बसवून जिन्याने उतरवलं. चौथ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची कलंडता कलंडता वाचली. परत वर नेल्यावर ती म्हणाली की मी काही सामान नाही, आता यापुढे माझे पाय नेतील तेव्हाच मी खाली उतरेन. तिचा किराणा, औषधं माझी सून वर नेऊन द्यायची. मी गुडघे दुखतात असं सांगून जिना टाळायचो. गुडघे ठणठणीत होते. मला ताईच्या समोर जायचं नव्हतं.

मग इमारतीच्या कमिटीने ठराव केला. महिनाअखेरपर्यंत लिफ्ट सुरू झाली नाही तर ती भंगारात काढायची. नवी कधी येईल, सांगता येत नाही, वर्षभर तरी नाही. ताईच्या मुलाने, म्हणजे माझ्या भाच्याने, फोनवर सांगितलं की त्याने त्याच्या शहरात वृद्धांच्या एका निवासात तळमजल्यावरची खोली पाहून ठेवलीय. खोली चांगली होती. खिडकीतून बाग दिसायची. ताईने सुनेपाशी एवढंच विचारलं, तिथे वाचनालय आहे का गं. नव्हतं.

आता सुनेबद्दल. ती घरी बसून कॉम्प्युटरवर कपड्यांचे नमुने आखते. बाही इथे, खिसा तिथे, आणि ते कापड शिवतात कुठल्या कुठे. ती दिवसभर कोणाकोणाशी बोलत असते आणि त्यातल्या एकालाही ती कधी भेटलेली नाही. मी या प्रकाराला नाक मुरडायचो. ज्याचा हात आपण बघितला नाही त्याच्या हाताखाली काम कसं करायचं, हा माझा सवाल होता. ती हसून सोडून द्यायची. पण ठरावाचा कागद आला त्या दिवशी तिने लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, "बाबा, जुन्या लिफ्टवाल्यांचा एक फोरम आहे. देशोदेशीचे लोक आहेत. विचारून तरी बघू."

मी म्हटलं, चौतीस वर्षांत मी कोणाला काही विचारलं नाही.

"म्हणूनच तर," ती म्हणाली.

तिने कार्डाचे अकरा फोटो काढले. मी मराठीत सांगायचं, तिने टाइप करायचं, भाषांतर यंत्र करणार. यंत्राने माझ्या 'दोराच्या चाकाचं' पहिल्याच वाक्यात 'दोरीने बांधलेली सायकल' केलं, ते तिने दुरुस्त केलं. शेवटी तिने विचारलं, लिफ्ट बंद कशी पडली म्हणून लिहू? मी भिंतीकडे बघत म्हटलं, "आपोआप."

मला वाटलं होतं, आठवड्याने कोणीतरी 'नवी घ्या' म्हणून लिहील. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळेला उघडून बघतो तर सव्वीस उत्तरं.

त्यातली तीन माणसं पुढे शेवटपर्यंत राहिली, म्हणून त्यांची ओळख करून देतो. एक बाई, एका हॉस्पिटलात लिफ्ट सांभाळणाऱ्या, माझ्यासारख्याच हाताने काम करणाऱ्या. दुसरे भूगोलाचे शिक्षक, त्यांचा लिफ्टशी काडीचा संबंध नाही, पण जुन्या चिपा जमवायचा नाद. तिसऱ्याचं नाव, वय, बाई की पुरुष, काहीच माहीत नाही. फोटोच्या जागी एक झोपलेलं मांजर होतं, म्हणून आम्ही त्याला मांजर म्हणायचो. मांजर कमी लिहायचं. लिहिलं तर बहुतेक आकडेच.

आणि या लोकांनी काय करावं? भूगोलाच्या मास्तरांनी त्या अकरा फोटोंवरून अख्ख्या कार्डाचा नकाशा काढला. कुठली रेघ कुठे जाते, कुठली चिप कोणाशी बोलते, सगळं. फोटोत जिथे सोल्डरचा थेंब आडवा आला होता तिथे त्यांनी प्रश्नचिन्ह काढलं होतं. मी भिंग घेऊन तळघरात उतरलो आणि एकेक रेघ जुळवत गेलो. तीनशे बारा जोडण्यांतली फक्त एक त्यांनी चुकीची काढली होती. ज्या माणसाने हे कार्ड डोळ्यांनी पाहिलेलं नाही, त्याला ते माझ्यापेक्षा जास्त कळलं होतं. मी पंचवीस वर्षं ज्याच्यासमोर उभा राहायचो ते आत कसं आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. मी तळघरातल्या स्टुलावर तो नकाशा मांडीवर घेऊन किती वेळ बसलो होतो, कोण जाणे.

पण लिफ्ट काही हलेना. कारण मी खोटं बोललो होतो. बिघाड आपोआप झाला म्हटल्यावर ते बिचारे वीजपुरवठ्यापासून सगळं तपासायला लावत होते. हे मोजा, ते मोजा. मी मोजायचो, सगळं ठीक निघायचं. मांजराने एकदा विचारलं, बंद पडायच्या आधी तुम्ही शेवटचं काय केलं होतं? मी उत्तर दिलं नाही. तीन दिवसांनी त्याने पुन्हा तोच प्रश्न टाकला, तसाच्या तसा. मी पुन्हा गप्प. त्या रविवारी हॉस्पिटलवाल्या बाईंनी लिहिलं की आज सुटी होती म्हणून त्या दोन तास गाडी चालवून एका भंगारवाल्याकडे गेल्या होत्या, तुमच्या कार्डाचा वीजपुरवठ्याचा भाग मिळतो का बघायला. मिळाला नाही, पुढच्या रविवारी दुसऱ्याकडे जाते म्हणाल्या.

ते वाचून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या एका खोट्यापायी एक अनोळखी बाई आपला रविवार भंगारात घालवत होती, आणि सातव्या मजल्यावर माझी बहीण कोंडलेली होती. मी सुनेला हाक मारली आणि सगळं सांगितलं. मेन, बॅटरी, पांढरी पूड.  माझ्याकडे न बघता टाइप करत गेली, आणि पाठवायच्या आधी फक्त विचारलं, "असंच पाठवू ना, बाबा?" मी मान हलवली.

तासाभरात मांजराचं उत्तर आलं, आणि या वेळी त्यात आकडे नव्हते. या कार्डाच्या सूचना चिपेत कोरलेल्या नाहीत, त्या नुसत्या आठवणीत ठेवलेल्या असतात, असं त्याने समजावलं होतं. मेन चालू असेपर्यंत ती आठवण मेनवर जगते, मेन गेला की बॅटरीवर. दोन्ही एकदम गेले की मिनिटभरात सगळं पुसलं जातं. एखाद्या निष्काळजी माणसाने मेन चालू ठेवून बॅटरी उपटली असती, तर काहीच झालं नसतं. माझ्या मास्तरांच्या दोन चांगल्या सवयी मी एकाच वेळी पाळल्या आणि लिफ्टचं डोकं रिकामं केलं.

आता हे लोक मला झोडपणार, अशी मी तयारी ठेवली होती. भूगोलाच्या मास्तरांनी लिहिलं की त्यांनी एका शाळेच्या हवामानयंत्राची नऊ वर्षांची नोंद अशीच पुसली होती. हॉस्पिटलवाल्या बाईंनी लिहिलं, मी दोनदा केलंय, दुसऱ्यांदा तर माहीत असूनही. मग आणखी लोक आले. एकामागून एक कारागीर आपापल्या चुका सांगत होते, न विचारता. संध्याकाळपर्यंत एकोणीस झाले. चौतीस वर्षांत कुठल्याही मेकॅनिकने माझ्यापाशी आपली चूक कबूल केली नव्हती, मीही कोणापाशी केली नव्हती. आम्ही एकमेकांना फक्त दुसऱ्यांच्या चुका सांगायचो. मी चष्मा पुसायचं निमित्त करून उठलो.

त्यानंतर जे सुरू झालं ते अजूनही मला नीट सांगता येत नाही. हॉस्पिटलवाल्या बाईंनी त्यांच्या भागात धान्याच्या एका गोदामात तशाच कार्डावर चालणारी मालाची लिफ्ट शोधून काढली. चालू लिफ्टच्या कार्डाला बारीक तारा लावून तिची आठवण वाचून घेतली. दोन हजार अठ्ठेचाळीस आकडे. पण ती लिफ्ट चार थांब्यांची, आमची तळमजला धरून आठ. मग मांजर आणि भूगोलाचे मास्तर त्या आकड्यांत शिरले. कुठला आकडा म्हणजे दार, कुठला म्हणजे वेग, कुठला म्हणजे मजला. आमच्याकडे झोपायची वेळ झाली की त्यांच्यापैकी कोणाची तरी सकाळ व्हायची. मी दात घासताना अर्धवट राहिलेला प्रश्न चहाच्या वेळेपर्यंत सुटलेला असायचा, आणि खाली दुसऱ्याने नवा प्रश्न मांडलेला असायचा. सुनेने सांगितलं की आता चाळीसेक लोक हे बघतायत. कोणाला पगार नाही, कोणाला कोणी नेमलेलं नाही. आमच्या धंद्यात दोन माणसं एका पाइपावरून भांडतात. इथे चाळीस माणसं, ज्यांनी एकमेकांचं तोंड बघितलं नाही, माझ्या बहिणीच्या लिफ्टसाठी एकच कागद लिहीत होती. मी आ वासून बघत राहायचो. आणि मनातून जरा हेवाही वाटायचा, हे खोटं कशाला बोलू. माझ्या मास्तरांकडे बारा वर्षं राबून मला जे मिळालं, ते इथे कोणी कोणालाही देऊन टाकत होतं.

महिना संपायला सहा दिवस उरले असताना गाडी अडली. या लिफ्टमध्ये प्रत्येक मजल्याच्या अलीकडे एक खटका आहे, आत उभ्या माणसाला तो ऐकू येतो. तो ओलांडला की ठरावीक वेळाने वेग कमी होतो, आणि आणखी ठरावीक वेळाने लिफ्ट थांबते. मजल्यांची उंची सारखी नाही, खटक्यांची अंतरंही नाहीत, त्यामुळे प्रत्येक मजल्याचा वेळ वेगळा. ज्याने लिफ्ट बसवली त्याने ते वेळ हाताने जुळवून आठवणीत भरले होते, आणि ते फक्त तिथेच होते. अंदाजाने भरून बघायची सोय नव्हती. सुरक्षेचे ब्रेक आणि दारांची कुलपं वेगळी असतात, त्यामुळे जिवाला धोका नव्हता, पण सरकारी लिफ्ट इन्स्पेक्टरने एकाच चाचणीची परवानगी दिली होती. त्याच्यासमोर लिफ्ट वीतभर खाली-वर थांबली की खेळ खलास. मांजराने विचारलं, लिफ्ट चालतानाचा जुना व्हिडिओ कोणाकडे आहे का? इमारतीत कोणाकडेच नव्हता. लिफ्टचा व्हिडिओ कोण काढतं?

मग त्याने विचारलं, असं कोणी आहे का, जे रोज त्यातून जायचं आणि ज्याला ती आठवते?

मी सुनेकडे बघितलं. सुनेने माझ्याकडे बघितलं. ताई लिफ्टला आयुष्यभर घाबरत आली. दार बंद झालं की ती मनात ठोके मोजायची, टायपिंगच्या वर्गात मुलींच्या बोटांना ताल लावायची तसे. आम्ही तिची चेष्टा करायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिना चढलो, तीन महिन्यांत पहिल्यांदा. सून फोन घेऊन मागे होती. ताईने दार उघडलं तेव्हा ती मला बारीक झालेली दिसली. खिडकीपाशी खुर्ची ओढलेली होती आणि खिडकीच्या कट्ट्यावर हाताला लागतील अशी मागच्या महिन्यांतली वर्तमानपत्रं, सुनेने आणून दिलेली, घड्या न मोडता रचून ठेवलेली. ती म्हणाली, गुडघे बरे झाले वाटतं.

मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं की कार्ड जळलं नव्हतं, ते मी पुसलं. कसं पुसलं तेही सांगितलं.

ती खिडकीपाशी गेली आणि वर्तमानपत्रांची चळत सरळ केली. मग म्हणाली, "चुकलास, ते मी समजू शकते. पण तीन महिने तू मला त्या लिफ्टला शिव्या घालायला लावल्यास."

 सुनेने मधे पडून मांजराचा प्रश्न वाचून दाखवला. ताईने तो दोनदा वाचायला लावला. कोण विचारतंय हे, तिने विचारलं. सून म्हणाली, माहीत नाही, आत्या. मग तिने इतर सगळं दाखवलं. भूगोलाच्या मास्तरांचा नकाशा, बाईंचं गोदाम, रात्री कोणी काय लिहिलं, सकाळी कोणी काय सोडवलं. ताई डोळ्यांजवळ फोन धरून बोटाने वर सरकवत राहिली. एवढे लोक, ती म्हणाली. मग पुन्हा, एवढे लोक. तिचे डोळे भरले होते, आणि माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

मग तिने चष्मा काढला, डोळे मिटले आणि उजव्या हाताची तर्जनी टेबलावर आपटायला सुरुवात केली.

"तळमजला ते पहिला," ती म्हणाली. "खटक्यापासून अकरा ठोके जोरात, मग चार मंद. मग थांबते." बोट वाजत राहिलं. "पहिला ते दुसरा, नऊ आणि चार." अशी ती सातव्यापर्यंत गेली, आणि मग सातव्यापासून खाली आली, कारण उतरतानाचे ठोके वेगळे होते. इतक्या वर्षांत प्रत्येक मजल्यावर कोणी ना कोणी चढलं-उतरलं होतं, त्यामुळे एकही मजला तिच्या मोजण्यातून सुटला नव्हता. हातात भाजी असली की वर जाताना एक ठोका वाढतो, हेही तिने सांगितलं. सून ते सगळं रेकॉर्ड करत होती. मी भिंतीला टेकून उभा होतो. जिला मी कोंडलं, तिच्याच डोक्यात लिफ्ट अजून चालू होती.

रेकॉर्डिंग पाठवलं. मांजराने आवाजावरून एकेक ठोका मोजला आणि कळवलं की पहिल्यापासून शेवटपर्यंत तालात शंभरात एकाचाही फरक नाही. भूगोलाच्या मास्तरांनी विचारलं, हे माणूस आहे की घड्याळ? सुनेने ताईला ते वाचून दाखवलं. ताई म्हणाली, त्यांना सांग, टायपिंगची शिक्षिका आहे. माझ्याशी मात्र ती त्यानंतर बोलली नाही. निरोप सगळे सुनेमार्फत.

शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी सकाळी नऊला इन्स्पेक्टर आला. कमिटीचे सेक्रेटरी फाईल काखेत धरून उभे. मी सुनेच्या लॅपटॉपवरून आकडे भरलेली, विजेशिवायही आठवण टिकवणारी नवी चिप बसवली, मेन सुरू केला आणि हात मागे बांधले. सून लॅपटॉप मांडीवर घेऊन तळघराच्या पायरीवर बसली होती. तिकडे चाळीस माणसं जागी होती, काही जण त्यांच्या झोपेच्या वेळेला.

रिकामी लिफ्ट निघाली. पहिल्याला थांबली, जिन्याने चढणाऱ्या इन्स्पेक्टरने उंबरठ्यावर पट्टी ठेवली आणि तळघरात मला फोनवर सांगितलं. सपाट. दुसऱ्याला सपाट. तिसऱ्याला सपाट. चौथ्याला बोटभर खाली थांबली. इन्स्पेक्टरने पट्टी लावून बघितलं, म्हणाला, मर्यादेत आहे, चालेल. पण मला रुखरुख लागली. पाचवा, सहावा, सातवा, सगळे सपाट. खाली येऊन त्याने सही केली. सेक्रेटरींनी फाईल उघडली, बंद केली आणि माझ्याशी हात मिळवला.

मी सुनेला सांगितलं, आत्याला फोन करून विचार, चौथ्याचे ठोके बरोबर होते ना. तिने विचारलं. ताईचा निरोप आला की ठोके बरोबरच आहेत, चौथ्याला ती पहिल्यापासून बोटभर खालीच थांबते, तिथल्या मित्राकडे जाताना आमच्या यजमानांना कायम ठेच लागायची, तुला पंचवीस वर्षांत कळलं नाही का.

कळलं नव्हतं. मी चौथ्याला कधी उतरलोच नव्हतो. मी तळघरातल्या भिंतीला डोकं टेकवलं. लिफ्टचं जे काही होतं ते सगळं परत आलं होतं, तिच्या लंगडण्यासकट. ते एका म्हातारीच्या बोटातून निघालं होतं, कुठल्या कुठे जाऊन अनोळखी माणसांच्या हातांतून फिरलं होतं आणि पुन्हा या लोखंडात येऊन बसलं होतं. मला देव वगैरे फारसं कळत नाही. पण त्या क्षणी मला हात जोडावेसे वाटले, आणि कोणाकडे तोंड करून जोडायचे ते कळेना.

दहा वाजता ताई खाली आली. दार उघडलं तेव्हा तिच्या हातात पिशवी होती आणि ओठ हलत होते. शेवटचा ठोका मोजून झाल्यावरच तिने पाऊल बाहेर टाकलं. माझ्यासमोरून ती वाचनालयात गेली. मी दारातल्या पायरीवर बसून राहिलो. सून मधेच येऊन सांगून गेली की भाच्याचा फोन होता, आत्याने त्याला ती खोली नको म्हणून कळवलंय.

बाराला ताई परत आली. गाल लाल झाले होते, म्हणजे त्या दोन बायकांशी भांडण झालेलं दिसत होतं. मी उठून लिफ्टचं दार उघडलं आणि तिच्या मागोमाग आत शिरायला लागलो. तिने पिशवी आडवी धरली.

"तू जिन्याने ये," ती म्हणाली. तीन दिवसांत माझ्याशी पहिल्यांदा.

आणि दार बंद झालं.

मी चढायला लागलो. दुसऱ्या मजल्यापर्यंत लिफ्टचा आवाज माझ्याबरोबर होता, मग तो वर निघून गेला. तिसऱ्याला कठडा धरला. चौथ्याला बसलो, जिथे ती खुर्ची कलंडत होती त्या वळणावर. छाती भात्यासारखी चालली होती आणि मला त्यात काही गैर वाटलं नाही. पाचव्याला पुन्हा बसलो. सहाव्याला वरून कोणी हाक मारतंय का म्हणून ऐकलं. कोणी मारत नव्हतं.

सातव्याला पोचलो तेव्हा ती लिफ्टचं दार पायाने अडवून उभी होती. मला लागलेली धाप तिने नीट, शेवटपर्यंत बघून घेतली. मग पाय काढला, दार मिटू दिलं आणि घराचं दार माझ्यासाठी उघडं ठेवून आत गेली.